लस फक्त गुरुवारी

३ मार्च, सोमवार

सुई! सगळं जग सोडून सुईच आडवी यावी!

सकाळी वहिनीचा फोन आला. दादाच्या पायाची जखम चिघळलीय. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडत चाललंय. साखर काही केल्या उतरत नाही. मागच्या आठवड्यात दवाखान्यात ठेवलं होतं, तर साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता उठून घरी आले — त्याच पायाने लंगडत! डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आधी बोटं जातील, मग पाऊल, मग पाय, आणि मग पाय कापूनही उपयोग नाही. वहिनी हे सगळं एका दमात बोलली. मग म्हणाली, "तू ये. हे माझं ऐकत नाहीत. डॉक्टरांचं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील."

ते खरं आहे. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची, दादा चौदाचा. माझ्या वेण्या घालायला शिकला तो. वाकड्या घालायचा, पण घालायचा. बाबा कामावरून यायच्या आत माझा अभ्यास घेऊन व्हायचा. आता वीस वर्षं झाली तो तिकडे परदेशात लाकडाच्या कारखान्यात आहे, तिथला मुकादम झालाय, शंभर माणसं त्याला घाबरतात. पण मी फोनवर आवाज चढवला की गप्प बसतो. मी समोर उभी राहून म्हटलं, "दादा, चल दवाखान्यात," तर तो येईल. मला खात्री आहे.

म्हणून दुपारी लगेच तिकीटवाल्याकडे गेले. तो म्हणाला, व्हिसाचं चार दिवसांत होईल, तिकीटही मिळेल. मग मान वर न करता म्हणाला, "पिवळ्या तापाची लस घेतलीय ना? त्याचं कार्ड लागतं. त्याशिवाय तुम्हाला विमानात बसूच देणार नाहीत. आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं, तेव्हा लवकर उरका."

मी विचारलं, "लस म्हणजे थेंब ना?"

"इंजेक्शन," तो म्हणाला. "दंडात. कळतसुद्धा नाही."

कळतसुद्धा नाही म्हणे! खाली येऊन गाडीत बसले तर किल्ली भोकात जाईना.

४ मार्च, मंगळवार

मी भित्री नाही. इथे तरी स्पष्ट लिहून ठेवते. अकरा वर्षं लोकांना गाडी शिकवतेय. ज्यांना डावं-उजवं कळत नाही अशांच्या शेजारी बसून भर चौकातून जाते. समोरून ट्रक येत असताना शिकाऊ माणूस दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून तोंडावर घेतो, हेही पाहिलंय. माझ्या बाजूला दुसरा ब्रेक आहे, तो दाबते आणि म्हणते, "काही झालं नाही, पुन्हा सुरू करा." रात्री एकटी घरी येते. पाली मारते. नवरा पालीला बघून खुर्चीवर चढतो.

पण सुई! नुसता शब्द लिहिला तरी दंड आखडतो. दाढ काढली तीसुद्धा बधिर न करता. दातांच्या डॉक्टरांनी माझ्यापुढे हात जोडले होते, म्हणाले, "बाई, असं मी कुणाचं केलेलं नाही." मी म्हटलं, "आज करा." ते दुखणं चाललं मला. ते सुईचं टोक कातडीपाशी येऊन थांबतं ना, ते नाही चालत.

शाळेत लस टोचायला गाडी यायची. मी रडायला लागले की दादा माझ्या वर्गाच्या खिडकीशी हजर. माझा हात धरायचा, आणि मागच्या भिंतीवरून आम्ही दोघं पसार! संध्याकाळपर्यंत नदीवर बसून राहायचो. बाबांचा मार तो एकटा खायचा, माझं नावसुद्धा घ्यायचा नाही. असा भाऊ आहे माझा. आणि त्याच्यासाठी मला एक टोचून घेता येऊ नये?

घेईन. गुरुवारीच देतात म्हणे, फक्त गुरुवारी. या गुरुवारी घेईन.

५ मार्च, बुधवार

जेवण गेलं नाही. नवऱ्याला वाटलं दादाच्या काळजीने. मीही तसंच वाटू दिलं.

६ मार्च, गुरुवार

पळाले.

लिहिते सगळं. केंद्र एका जुन्या कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याला हिरवा रंग, भिंतीला टेकून बाकं. दारावर पाटी — लस फक्त गुरुवारी. नवरा यायला निघाला होता, मीच नको म्हटलं. माझ्या पुढे पाच माणसं. एकेक आत जात होतं आणि दोन मिनिटांत बाही खाली करत बाहेर येत होतं, जसं काही पाणी पिऊन आलं. एक बाई तर आत जाऊन आली आणि फोनवर कुणाला गॅस बंद केलास का विचारत होती.

मी माझं नेहमीचं सुरू केलं. घाबरलेल्या माणसाला मी सांगते, काय दिसतंय ते तोंडाने बोलत राहा. तोंड चालू राहिलं की पाय आखडत नाहीत. रोज सांगते, रोज उपयोगी पडतं. मी मनात म्हणायला लागले — पंखा दिसतोय. खिडकी दिसतेय. बादली दिसतेय. तेवढ्यात दार उघडलं आणि आतली नर्स दिसली, हात वर धरून सिरिंजमधली हवा काढत होती. सुई दिसतेय!

त्यानंतर मी एकदम जिन्यात होते. चप्पल एकाच पायात. दुसरी आणायला वर जायची हिंमत झाली नाही. तशीच गाडीत बसून घरी आले, एक पाय उघडा.

नवऱ्याला सांगितलं, लस संपली होती.

७ मार्च, शुक्रवार

ते खोटं आता परदेशात पोचलं! मी आंघोळीला गेले होते तेव्हा वहिनीचा फोन आला आणि नवऱ्याने तिला सांगितलं, "अगं, लसच संपली होती, काय करणार ती बिचारी." बिचारी! मी मूग गिळून गप्प बसले. वहिनी रडली म्हणे फोनवर.

लाज वाटते. नुसती लाज.

९ मार्च, रविवार

दादा स्वतः बोलला आज. आवाज बरा होता. नेहमीसारखी चेष्टा — "काय बारके, किती जणांना ठोकलंस या आठवड्यात?" मी म्हटलं, "पाय कसा आहे?" म्हणाला, "आहे जागेवर. इथले डॉक्टर पाय दिसला की करवत शोधतात."

मी ओरडले त्याच्यावर. दवाखान्यातून पळून का आलास म्हणून. तो म्हणाला, "तिथे मला करमेना." करमेना! दवाखान्यात करमतं का कुणाला?

मी म्हटलं, "मी येतेय. आले की तुला कानाला धरून नेणार आहे."

त्यावर तो हसला आणि अगदी हळू म्हणाला, "बारके, लस संपली नव्हती ना?"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"मला माहितीय," तो म्हणाला. "तू नको येऊस. उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस. मी काही रागावणार नाही. फोनवर बोलतोयच की आपण."

रागावला असता तर बरं झालं असतं! किती मायेने सोडून दिलं त्याने मला! मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. रडता रडता मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं — चला, सुटले. तो नको म्हणतोय. मग त्या वाटण्याचीच इतकी किळस आली की तोंडात मारून घेतली.

१० मार्च, सोमवार

नवऱ्याला खरं सांगितलं. चप्पल हरवली तेव्हाच त्याला संशय आला होता म्हणे! "मग बोलला का नाहीस?" तर म्हणतो, "तू सांगशील म्हणून वाट बघत होतो." आधी हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

मग सराव करू म्हणाला. शिवणाच्या डब्यातली टाचणी आणली. मी खुर्चीवर, तो समोर. नुसती लावतो म्हणाला, टोचणार नाही. आईशप्पथ म्हणाला. टाचणी दंडापासून वीतभर लांब असतानाच माझ्या डोळ्यांपुढे काळं आलं. शुद्धीवर आले तर फरशीवर, आणि हा माझ्या तोंडावर पाणी मारतोय. टाचणी कुठे पडली ते सापडत नाही. आता घरात अनवाणी फिरायची सोय राहिली नाही.

११ मार्च, मंगळवार

मास्तरांची शिकवणी. हे माझे सगळ्यात म्हातारे विद्यार्थी, शाळेत गणित शिकवायचे. चढ आला की हमखास क्लच सोडतात, गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, मग मास्तरांना घाम फुटतो. आज पुलाच्या चढावर तीनदा बंद पाडली. मी नेहमी शांत असते. आज खेकसले, "अहो मास्तर, चढच आहे, वाघ नाही!"

मास्तर म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं बाई. तुम्हाला कशाची भीतीच नाही."

मला रडू फुटलं. भर पुलावर! मागे सगळी रांग, हॉर्न, आणि मी शिकाऊ माणसाशेजारी बसून हुंदके देतेय. मास्तरांनी खिशातला रुमाल काढून दिला आणि आधी गाडी बाजूला घेऊ का विचारलं. घेतलीही, न बंद पाडता. मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी समजूत काढली नाही. फक्त म्हणाले, "परवा मिस्टरांना बरोबर न्या."

१३ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

नवऱ्याला बरोबर नेलं. आज रांगेत माझा नंबर दुसरा. आत गेले. बसले. खरंच बसले! बाही वर केली. नवरा मागे उभा, त्याचे दोन्ही हात माझ्या खांद्यावर. नर्सच्या पुढ्यात चाकांचं छोटं टेबल, त्यावर बर्फाचा डबा आणि औषधाची कुपी. ती कापूस फिरवत म्हणाली, "तिकडे बघा, खिडकीकडे." मी खिडकीकडे बघितलं. झाड दिसतंय. तार दिसतेय. कावळा दिसतोय. दंडाला काहीतरी गार लागलं —

आणि मी ब्रेक मारला!

दुसरं काही नाही. अकरा वर्षं माझा उजवा पाय एकच गोष्ट शिकलाय. धोका दिसला की सगळा जोर लावून दाबायचं. तो माझ्या डोक्याला विचारत नाही. पाय गेला तो थेट त्या टेबलावर. टेबल भिंतीवर आदळलं, डबा पडला, कुपी फुटली. फरशीवर पाणी, काचा, बर्फाचे तुकडे. नर्स कापूस हातात धरून तशीच उभी.

मी म्हटलं, "दुसरी कुपी असेल ना?"

ती म्हणाली, "ही एक कुपी दहा जणांची असते, बाई. आठवड्याला एकच येते. आता पुढच्या गुरुवारी."

बाहेर सात जण बसले होते. नर्सने दारात जाऊन त्यांना सांगितलं. एक बाई तावातावाने बोलायला लागली, तिचा काही दोष नव्हता. त्यांच्यात एक खलाशी होता, पंचविशीतला. त्याने विचारलं, "आजची तारीख नाही मिळणार का कार्डावर? बोट थांबणार नाही हो माझ्यासाठी." नर्सने मान हलवली. तो भांडला नाही, ओरडला नाही, फक्त परत बाकावर बसला. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि "माफ करा" म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच आला नाही. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

नवरा काच गोळा करायला वाकला तर नर्स म्हणाली, "राहू द्या. घरी न्या यांना."

माझ्या भावाचा एक आठवडा मी लाथेने उडवला. आणि सात परक्या माणसांचाही.

१४ मार्च, शुक्रवार

फोन बंद ठेवला. शिकवण्या रद्द केल्या.

१५ मार्च, शनिवार

फोन चालू करताच वहिनी. आता तिसरं बोटही काळं झालं. रात्रभर ताप होता. डॉक्टर घरी येऊन गेले, दादाने त्यांना आत येऊ दिलं नाही. तिसऱ्यांदा! वहिनीचा आवाज पार गेला होता. म्हणाली, "तू येणार आहेस की नाही ते एकदा सांग. मी तुझ्या नावावर दिवस ढकलतेय."

मग मी सांगितलं. सरळ. "वहिनी, लस संपली नव्हती. मला सुईची भीती वाटते. लहानपणापासून. मी पळून आले. मग काल-परवा त्यांची कुपी फोडली. मला जमत नाहीये गं."

मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. पण ती म्हणाली, "तू ये."

"अगं पण —"

"तूच ये. आता तर तूच ये. दुसऱ्या कुणाचं काम नाही हे." आणि फोन ठेवला. रागावली का, रडत होती का, काहीच कळलं नाही. माझी अर्धी रात्र त्या एका वाक्यात गेली.

१६ मार्च, रविवार

नवऱ्याने दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारलं, झोपेची गोळी घेऊन लस घेता येते का. कुणी हो म्हणालं नाही. एकाने तर हसून फोन ठेवला. नवरा चिडला. मी म्हटलं, "जाऊ दे, मीही हसले असते." पण मी हसले नसते.

१८ मार्च, मंगळवार

आज नर्सला भेटायला गेले. गुरुवार नव्हता, तिथे काहीच टोचत नव्हते, म्हणूनच जिना चढू शकले. ती रजिस्टर लिहीत बसली होती. मला बघितल्याबरोबर तिने पाय टेबलाखाली घेतले! मी म्हटलं, "माझ्यासाठी नाही आले. त्या खलाशाचं काय झालं?"

म्हणाली, "माहीत नाही. आला नाही परत."

मी तिथेच बाकावर बसले आणि भावाचं सगळं सांगितलं. तिला घाई होती, तरी ऐकत होती. शेवटी पेन ठेवून म्हणाली, "हे बघा, मी गोड बोलणार नाही. तुमची भीती माझ्याने जाणार नाही, आणि तुमच्यानेही जाणार नाही परवापर्यंत. भीतीसकट यायचं. सगळ्यांत शेवटी घेईन तुम्हाला, म्हणजे काही फुटलं तर तुमचंच फुटेल. आडवं झोपवून टोचेन. पाय धरायला माणसं आणा. एक नको, दोन आणा."

आजवर मला सगळ्यांनी एकच सांगितलं — घाबरू नकोस. ही पहिलीच, जिने घाबरत ये म्हटलं.

दुसरा माणूस कोण? माझ्या पायांना धरायला आता कुणाला बोलावू?

१९ मार्च, बुधवार

मास्तर हो म्हणाले. वर विचारतात, डावा की उजवा!

२० मार्च, गुरुवार

झालं.

हात जड झालाय, तरी लिहिते. नाहीतर उद्या मीच म्हणेन काही विशेष नव्हतं.

जाताना गाडी मास्तरांनी चालवली, कारण माझे हात स्टिअरिंग धरायच्या लायकीचे नव्हते. पुलाच्या चढावर माझा पाय ब्रेकवर गेला, मी तो ओढून घेतला आणि मांडी घालून बसले. गाडी बंद पडली नाही. मास्तरांना स्वतःलाच ते कळलं नाही, इतके ते माझ्याकडे बघत होते.

तिथे सगळ्यांचं होईपर्यंत बाहेर बसलो. दोनदा उठले. दोनदा नवऱ्याने खाली बसवलं. तिसऱ्यांदा उठले तेव्हा तो म्हणाला, "जा. पळ. मी अडवणार नाही. मग रात्री तूच वहिनीला फोन कर, मी नाही करणार." मी बसले.

आत झोपवलं. नर्सने टेबल पार दुसऱ्या भिंतीला नेऊन ठेवलं. नवऱ्याने उजवा पाय धरला, मास्तरांनी डावा. मास्तर बिचारे दुसरीकडे तोंड करून, "माफ करा हं बाई," म्हणत होते. मी म्हटलं, "थांबा." नर्स थांबली. पुन्हा म्हटलं, "थांबा." थांबली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती थांबली नाही.

मी किंचाळले. खालच्या मजल्यावरचा शिपाई वर धावत आला इतक्या जोरात! नवऱ्याच्या बाहीचा चावा घेतला, पण तो माझ्या पायाशी असताना त्याची बाही माझ्या तोंडात कशी आली, देव जाणे. पायाने झटका मारला, मास्तरांचा चष्मा उडाला. दुखलं! ज्यांनी ज्यांनी सांगितलं कळत नाही, त्या सगळ्यांनी खोटं सांगितलं. सुई आत गेलेली कळते, औषध जातं तेही कळतं, बाहेर निघते तेही कळतं. मग काही कळलं नाही.

डोळे उघडले तर वर पंखा. नर्स कार्डावर शिक्का मारत होती. म्हणाली, "शाब्बास म्हणणार नाही. फार त्रास दिलात." आणि मग हळूच माझ्या कपाळावरचे केस बाजूला केले.

मला वाटायचं, एकदा घेतली की भीती जाईल. गेली नाही. उद्या पुन्हा घे म्हटलं तर पुन्हा पळेन. फक्त कार्ड आहे आता. तीस तारखेपासून लागू.

२१ मार्च, शुक्रवार

दंड सुजलाय, अंग कसकसतंय. वहिनीला कळवलं. ती म्हणाली, "खरंच घेतलीस? खरंच ना?" चार वेळा विचारलं. दादाला सांगू का म्हटलं तर, "नको! तू आल्यावर तूच सांग." आजकाल तिचं काही कळतच नाही.

२४ मार्च, सोमवार

पाऊल सुजलंय, टाचेपर्यंत लाल. तीस तारखेचं तिकीट काढलं. त्या पहिल्या गुरुवारी पळाले नसते तर आत्ता तिथे असते. दुसऱ्या गुरुवारी लाथ मारली नसती तरी आत्ता विमानात असते. हेच मोजत बसते दिवसभर. एक शिकाऊ बाई दोनदा लाल दिव्यातून गेली, माझं लक्षच नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

दादा फोनवर आला नाही. झोपलाय म्हणे. दुपारी बारा वाजता? दादा? मी वहिनीला म्हटलं, "फोन त्याच्या कानाला लाव." तिने लावला. नुसता श्वास ऐकू येत होता, जाड, घशातून. मी म्हटलं, "दादा, मी येतेय. थांब. माझ्यासाठी एवढं एक कर, थांब." त्याने विचारलं, "कशी येतेस?" मी म्हटलं, "विमानाने, कशी म्हणजे!"

आज तिथे केंद्रात कुणाकुणाला टोचलं असेल. तो खलाशी कुठे असेल कोण जाणे.

दादा, थांब रे.

२९ मार्च, शनिवार

नवऱ्याला रजा नाही. एकटीच जातेय. मास्तर विमानतळावर सोडायला येणार, स्वतः चालवत. बॅगेत कपडे किती आणि काय घातले मलाच माहीत नाही. कार्ड मात्र पाकिटात आहे, पन्नास वेळा बघितलं.

तो ऐकेल माझं. कापू दे पाय, म्हणेन. लाकडी पाय बसवू, तुझ्याच कारखान्यात करून घेऊ, म्हणेन. हसेल आणि ऐकेल. ऐकायलाच पाहिजे!

१ एप्रिल, मंगळवार

काल पोचले. वहिनीने दारातच हात धरला, आत जाऊ दिलं नाही. म्हणाली, "आधी ऐक. साखर उतरल्याशिवाय पायाला हात लावता येत नाही. त्यासाठी रोज दोन वेळा इंजेक्शन सांगितलंय. दोन वर्षं झाली. यांनी एकही घेतलेलं नाही. सुई बघितली की कोसळतात. दवाखान्यातून पळाले तेही सलाईन लावायला आले म्हणून. कुणाला सांगू नकोस म्हणाले. तुला तर नाहीच."

दादा अर्धा झालाय. माझ्याकडे बघून त्याने मान फिरवली. मग भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, "खरंच घेतलीस?"

"घेतली."

"दुखलं?"

"खूप."

वहिनीला तो हात लावू देत नाही, घरी येणाऱ्या नर्सला दारातून घालवतो. मी देते म्हटलं तर त्याने हळूच बाही वर सारली. नर्सने मला शिकवलं — किती भरायचं, कसं धरायचं, कुठे टोचायचं. आज सकाळी पहिलं दिलं. दादाने माझा पदर मुठीत धरला आणि डोळे गच्च मिटले. मला मिटून चालणार नव्हतं.

संध्याकाळी दुसरं.